साळावलीच्या काठावर तंबू ठोकण्याआधी

माझ्या सासूबाईंचे माहेर दक्षिण गोव्यातले कुर्डी. साळावली धरणाचे पाणी चढले तेव्हा सगळे गाव उठले आणि त्यांचे भाऊ वालकिणीला येऊन राहिले. मे महिन्यात पाणी खाली गेले की कुर्डी पुन्हा वर येते. घरांची जोती, तुळशीवृंदावने, झाडांचे काळे पडलेले बुंधे, सगळे उघडे होते. सोमेश्वराच्या उत्सवाला उठून गेलेली माणसे मुलाबाळांना घेऊन येतात. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचे गाव ते हेच. लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात सासूबाई मला तिथे घेऊन गेल्या. एका विहिरीच्या कठड्याशी थांबून म्हणाल्या, "अगो, पावसात हिच्यावरून होड्या जातात. वरून काही दिसत नाही. पण ही इथेच असते."

सांगे तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकवताना गेली कित्येक वर्षे मी हिवाळ्यात स्काउट-गाईडच्या मुलींना आणि घरच्यांना घेऊन जलाशयाच्या काठी एका रात्रीचा मुक्काम करते. दर वेळी पालकांना तेच समजावून सांगते आणि सुरुवात त्या विहिरीपासूनच करते. धरणाचे पाणी समुद्रासारखे हळूहळू खोल होत जात नाही. खाली जुनी शेते आहेत, त्यांचे बांध आहेत, व्हाळांच्या म्हणजे ओढ्यांच्या घळी आहेत, तोडून उरलेले खुंट आहेत. गुडघाभर पाण्यातून टाकलेले पुढचे पाऊल पुरुषभर खोलात पडू शकते. किनाऱ्यावर जीवरक्षक असतात, झेंडे असतात. इथे काठावर तुम्हीच असता. म्हणून आमच्या मुक्कामात तळ्यात पोहणे नाही. चांगले पोहणाऱ्यांनाही नाही. पाण्याची मजा घेण्याचे दुसरे मार्ग आहेत, ते पुढे सांगते.

कधी आणि कुठे

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. ऑक्टोबरात दुपारनंतर ढग भरून येतात आणि विजा पडतात. एप्रिल-मेमध्येही तसेच. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी पडताना बघायला जरूर जा. त्या गोल तोंडात पाणी कोसळताना अंगावर काटा येतो. पण बघा आणि घरी या. त्या दिवसांत काठावर राहू नका. धबधब्यांवर आणि चिऱ्याच्या खाणींत उतरायला पावसाळ्यात जिल्हाधिकारी बंदी घालतात, ती बंदी माणसे बुडून मेल्यानंतरच घातली गेली आहे हे लक्षात ठेवा.

जागेसाठी परवानगी तोंडी नको. खाजगी जमीन असेल तर मालकाला आधी भेटा. नेत्रावळी अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याला विचारल्याशिवाय तंबू लावता येत नाही. धरणाची भिंत आणि सांडवा यांच्या आसपास मुक्कामाचा विचारच करू नका. शिवाय हे दक्षिण गोव्याचे पिण्याचे पाणी आहे. भांडी, कपडे, साबण यांतले काहीही तळ्यात बुडवायचे नाही. बादलीने पाणी वर आणा, काठापासून साठ-सत्तर पावले लांब धुवा आणि ते पाणी मातीत जिरू द्या.

आम्ही ज्या कुळागराच्या (माड-पोफळींच्या बागेच्या) माळावर राहतो तिथे पोहोचल्यावर मी आधी वर बघते. माडाखाली तंबू नाही: नारळ पडतो, चुडत म्हणजे झावळी पडते. वाळकी फांदी असलेल्या झाडाखालीही नाही. मग खाली बघते. काठावर काटक्या, पाने आणि फेस वाळून एक काळपट रेषा तयार झालेली असते, तिथपर्यंत पाणी आलेले असते. त्या रेषेच्या बरेच वर, व्हाळाच्या वाटेत न येणारी, थोडा उतार असलेली जागा घ्यायची. डोके उताराच्या वरच्या बाजूला. तंबूच्या दोऱ्यांना जुन्या पांढऱ्या साडीच्या चिंध्या बांधायच्या, म्हणजे रात्री मुले त्यांत अडकून पडत नाहीत. हे सगळे उजेडात व्हायला हवे. दुपारी तीनला जागेवर पोहोचता येत नसेल तर त्या दिवशीचा मुक्काम रद्द करा, इतके मी स्पष्ट सांगते.

ओला काठ

जानेवारीपासून पाणी जसे मागे सरते तसा काठाला चिखलाचा पट्टा उघडा पडतो. वरून वाळून भेगाळलेला, चांगला घट्ट दिसतो. खाली दोन-तीन बोटांवर मऊ लोण्यासारखा गाळ.

एका वर्षी सातवीतली एक मुलगी बगळ्याचे पीस उचलायला त्यावर गेली. चार पावले ठीक गेली, पाचव्याला पाय गुडघ्याच्या वर रुतला. घाबरून तिने दुसऱ्या पायावर भार दिला, तोही गेला. तिची मैत्रीण धावत निघाली, तिला मी दंडाला धरून थांबवले, कारण मग दोघी अडकल्या असत्या. मी ओरडून सांगितले, "मागे टेक. खुर्चीत बसतेस तशी बस आणि पाठ टेकव." पाठ टेकली की भार पसरतो आणि आणखी रुतणे थांबते. आम्ही झोपायच्या जाड चटया एकापुढे एक टाकल्या, त्यांवर कयाकची दोन वल्ही आडवी ठेवली, आणि मी पोटावर सरकत तिच्यापर्यंत गेले. पाय सरळ ओढून निघत नाही. घोटा हळूहळू गोल हलवायचा, म्हणजे बाजूने पाणी आत शिरते आणि गाळाची पकड सुटते. एक पाय निघाला, मग दुसरा. एक बूट खाली राहिला. पंधरा मिनिटे लागली असतील. ती मुलगी नंतर माझा हात सोडायला तयार नव्हती.

तेव्हापासून पोहोचल्या पोहोचल्या मी लांब काठी घेऊन काठ तपासते आणि जिथे काठी सहज आत जाते तिथे लाल दोरी बांधते. दोरीच्या पलीकडे कोणी जायचे नाही, मोठ्यांनीही. काठावर पाणकावळे, खंड्या, अडई बदके बघायला दोरीच्या अलीकडूनही भरपूर मिळते.

मगरीचेही इथेच सांगते. कुंभारजुवेच्या कालव्यातल्या मगरी सगळ्यांना ठाऊक आहेत, पण गोव्यात गोड्या पाण्यातही मगर असते. आपल्याकडे पौषात चिखलाची मगर घडवून पूजणारी गावे आहेत. शेजारी राहणारा प्राणी ओळखून असावे, ही जुन्या लोकांची समज त्यात आहे. गावातल्या मासे पकडणाऱ्यांना विचारा, मगर कुठे दिसते ते अचूक सांगतात. मासळी किंवा कोंबडी काठावर धुवू नका, संध्याकाळी आणि पहाटे मुलांना पाण्याच्या कडेला उकिडवे बसू देऊ नका, आणि सकाळी उन्हाला पडलेली मगर दिसली तर लांबून बघून मागे फिरा.

कयाक आणि होडी

पाण्यावर जायचे तर सकाळी सात ते दहा. पाणी तेव्हा आरशासारखे असते, धुके हळूहळू वर जाते, धनेशाच्या पंखांचा फुत्कारासारखा आवाज डोक्यावरून जातो. दुपारी वारा सुटतो, आणि जाताना पाठीवर असलेला वारा येताना तोंडावर असतो. थकलेले मूल वाऱ्याविरुद्ध वल्हवू शकत नाही. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, येताना तो मदत करील. काठापासून इतकेच लांब, की हाक ऐकू येईल.

लाइफ जॅकेट भाड्याने घेताना नीट बघा. एकदा आम्हाला मिळालेल्या दहांपैकी तीन जॅकेटांची बकले तुटलेली होती आणि एकाला सुतळी बांधलेली होती. मी ती परत दिली आणि तेवढ्या मुली काठावर थांबल्या. तपासायची सोपी रीत: जॅकेट घालून सगळे पट्टे आवळा, मग खांद्याच्या पट्ट्यांना धरून मुलाला वर उचलल्यासारखे करा. जॅकेट हनुवटीपर्यंत किंवा कानांपर्यंत वर सरकले तर ते मोठे आहे, पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. लहान मुलांच्या जॅकेटाला पायांमधून जाणारा पट्टा हवाच. हवा भरायची रंगीत चक्रे आणि दंडात घालायचे फुगे ही खेळणी आहेत, त्यांच्या भरवशावर कोणाला पाण्यात सोडू नका.

होडी उलटली तर होडी धरून राहायचे, काठाकडे पोहत सुटायचे नाही. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात. तीन वेळा वाजवली म्हणजे मदत हवी.

आता सगळ्यात महत्त्वाचे. बुडणारे माणूस ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला येते, पुन्हा खाली जाते, हात दोन्ही बाजूंनी पाणी दाबत राहतात, नजर शून्य. बघणाऱ्याला वाटते पोर खेळते आहे. त्यामुळे मुले पाण्याजवळ असतील तोवर एक मोठे माणूस फक्त त्यांच्याकडे बघत असते. त्याच्या हातात फोन नाही, सुरी-भाजी नाही. वीस मिनिटांनी पाळी बदलते, आणि बदलताना "आता तू" असे तोंडाने म्हणायचे. हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या दारूचा, हंगाम असो वा नसो, ज्याने प्याली त्याची पाळी नाही आणि त्याला होडीही नाही.

वाचवायला पाण्यात उडी मारू नये. वाचवायला गेलेलाच बुडतो, अशा बातम्या आपण दर वर्षी वाचतो. आमच्याकडे तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन असतो. त्यात पेलाभर पाणी घालून झाकण घट्ट लावायचे आणि मुठीला पंधरा मीटर नायलॉनची दोरी बांधायची. आतल्या पेलाभर पाण्यामुळे कॅन वाऱ्याने भरकटत नाही, सरळ लांब जातो आणि तरंगतो. दोरीचे दुसरे टोक पायाखाली दाबायचे, कॅन बुडणाऱ्याच्या पलीकडे टाकायचा आणि दोरी त्याच्या अंगावरून ओढत आणायची. पहिल्या दुपारी प्रत्येक मुलगी हे पाच वेळा करते. त्यांना तो खेळ वाटतो, आणि तसाच वाटावा. दोरी नसेल तर साडी, ओढणी, लांब बांबू, काहीही पुढे करा, पण स्वतः पोटावर झोपून.

बाहेर काढलेल्याचा श्वास चालत नसेल तर उलटे धरणे, पोट दाबणे यात वेळ घालवू नका. डोके मागे, नाक बंद, तोंडाने आधी पाच श्वास द्या, मग छातीच्या मध्यभागी तीस दाब आणि दोन श्वास, असे चालू ठेवा. दुसऱ्याने १०८ लावायचा. शुद्धीवर येऊन "बरे आहे" म्हणाला तरी इस्पितळात न्यायचेच, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होतो. हे वाचून येत नाही, हाताने शिकावे लागते. शाळेत किंवा पंचायतीत प्रथमोपचाराचा वर्ग भरला तर जा.

रात्र

जेवण साधे ठेवतो. उकड्या तांदळाची पेज, खारातली तोरे (कैऱ्या), भाजी, आणि सकाळसाठी सांग्याच्या पोदेराकडचे पाव. अन्न तंबूत ठेवायचे नाही, गाडीत बंद करून ठेवायचे. वासाने रानडुक्कर आणि माकडे येतात, आणि उंदीर आला की मागोमाग साप.

आग आधीच्या दगडांच्या जागेवरच पेटवा, चारी बाजूंचा पाला झाडून घ्या, दोन भरलेल्या बादल्या जवळ. मार्च उजाडला की आम्ही आग पेटवतच नाही. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या रानात आगी लागल्या आणि नौदलाच्या व हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांना वरून पाणी टाकावे लागले, ते आम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. झोपण्याआधी राखेवर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि हाताची मागची बाजू जवळ धरून बघा. ऊब लागली तर आग विझलेली नाही.

पेटती शेगडी तंबूत नेऊ नका. एका वर्षी थंडी वाजते म्हणून एका बाबांनी कोळशाची शेगडी मुलांच्या तंबूत ठेवली आणि चेन लावून घेतली. गस्त घालताना मला कापडातून लाल उजेड दिसला. आत दोन्ही मुले डोके दुखते म्हणून कुरकुरत होती. कोळशाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि झोपेतल्या माणसाला तो जागा होऊ देत नाही. मुलांना उघड्यावर आणले, तासाभरात ती बरी झाली, तरी आम्ही त्यांना इस्पितळात दाखवून आणले. गॅसची शेगडी आणि डासांची उदबत्तीही बाहेरच. थंडीला एकावर एक दोन कपडे, कानटोपी आणि खाली जाड चटई पुरते, कारण अर्धी थंडी जमिनीतून येते.

सापाची भीती सगळ्यांना असते, माहिती थोड्यांना. नाग, घोणस, फुरसे, मण्यार हे आपले चार मुख्य विषारी साप. त्यातली मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि पुष्कळदा दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे कोणाच्या पोटात कळ आली, पापण्या जड होऊन मिटू लागल्या, बोलणे अडखळू लागले, तर अपचन समजून थांबू नका. म्हणून तंबूची चेन नेहमी बंद, बूट आत, सकाळी घालण्याआधी झटकून, आणि रात्री लघवीला जाताना टॉर्च आणि सोबत. चावले तर कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. अंगठ्या-बांगड्या काढा, तो भाग फळीला बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालू देऊ नका आणि थेट इस्पितळात. सापाला मारण्यात किंवा शोधण्यात वेळ जातो. जवळचे इस्पितळ सांग्याला, मोठे मडगावला. काठावर सगळीकडे फोन लागत नाही, म्हणून पोहोचल्यावर कुठे सिग्नल येतो ती जागा शोधून सगळ्यांना दाखवा, आणि घरी एका कागदावर जागा, माणसे आणि परतायची वेळ लिहून ठेवा.

वीज चमकल्यावर गडगडाट तीस सेकंदांच्या आत आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. पाण्यावरचे सगळे बाहेर, तंबूतूनही बाहेर, आणि गाडीत काचा लावून बसा. एकट्या झाडाखाली उभे राहू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

एवढे झाले की मग दिवे मालवा. डिसेंबरात आठच्या सुमारास मृग पूर्वेला वर आलेला असतो, कृत्तिकांचा पुंजका त्याच्या वर. मी मुलींना आधी कृत्तिका मोजायला लावते: कोणाला सहा दिसतात, कोणाला सात, आणि त्यावरून अर्धा तास भांडण चालते. पलीकडच्या काठावर गवा कधी पाणी प्यायला आलेला ऐकू येतो. टॉर्च मारू नका, बोलू नका, ऐका.

दुसरा दिवस आणि परत

घाई नसेल तर नेत्रावळीला गोपीनाथाच्या देवळाजवळची बुडबुड्यांची तळी बघा. मुले टाळ्या वाजवतात, तळातून बुडबुडे येत राहतात. रिवणच्या बाजूला कुशावतीच्या काठी पणसायमळची कातळचित्रे आहेत, १९९३ मध्ये ती जगापुढे आली. बूट काढून कडेकडेने बघा, चित्रांवर पाय ठेवू नका. कुर्डीचे महादेवाचे देऊळ दगड दगड सोडवून धरणाजवळ पुन्हा उभारले आहे, तेही वाटेत होते.

निघताना सगळ्यांनी एका रांगेत चालत माळ झाडायचा, प्लास्टिकचा एक तुकडा राहता कामा नये. मग एक काम जे बरेच जण विसरतात. गोचिड्या. सत्तरी तालुक्यात पाळीला २०१५ मध्ये गोचिडींच्या चाव्याने होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडले, तेव्हापासून आमच्या तालुक्यातही मी ते गंभीरपणे घेते. हिवाळा आणि उन्हाळा हाच त्याचा काळ, म्हणजे आपल्या मुक्कामाचाच. पूर्ण बाह्या, पायजमा मोज्यात खोचलेला, पाल्यावर थेट बसायचे नाही, मेलेले माकड दिसले तर जवळ जायचे नाही आणि आरोग्य केंद्राला कळवायचे. घरी पोहोचल्यावर कपडे गरम पाण्यात, आणि अंघोळीच्या वेळी मुलांच्या काखा, कानांमागे, गुडघ्यांच्या मागे, जांघेत, केसांत बोटे फिरवून बघा. गोचीड चिकटलेली असेल तर चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढा, तेल लावू नका, चिरडू नका. मुक्कामाची तारीख वहीत लिहून ठेवा. पुढच्या आठ-दहा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना पहिले वाक्य हेच सांगा, की अमुक तारखेला आम्ही रानात राहिलो होतो.